आमच्या उंबरठ्यावरून गेलेली हद्द

प्रति,
मा. सेवाक्षेत्र अधिकारी,
घरपोच शुश्रूषा विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आपल्या एक्सेल शीटमधील एक ओळ खोडून माझ्या आईला माझ्याच घरी राहू देणेबाबत.

संदर्भ : मी या घरात राहत नाही, असे मला याच घराच्या पत्त्यावर कळवणारे आपले पत्र.

महोदय,

मी निवृत्त बस कंडक्टर असून वृद्ध आईसह राहतो. तिच्या पायाची जखम भरत नाही. आपल्या विभागाच्या परिचारिका दर आठवड्याला येऊन पट्टी बदलत. बाईंचा हात हलका आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार शीटबद्दल आहे.

१. नव्या नियमानुसार बाई रुग्णाच्या उशीपाशी उभ्या राहून मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेतात. आपले ऑपरेटर ते आकडे शीटमध्ये टाकतात आणि शेजारच्या रकान्यात हिरवे ‘आत’ किंवा लाल ‘बाहेर’ उमटते. गेल्या महिन्यात आई सेवाक्षेत्राबाहेर निघाली आणि पट्टी बंद झाली. आई त्या खाटेवरून कुठेही गेलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

२. चौकशीअंती कारण कळले. सेवाक्षेत्राची हद्द आमच्या घरापुढच्या रस्त्याने जाते. आपले मोजणीदार मोबाईल धरून त्या रस्त्याने बिंदू घेत चालले असता शेजाऱ्यांचे कुत्रे त्यांच्या अंगावर धावले. आई तेव्हा हिंडतीफिरती होती. “अरे बाबा, चावेल ते, आतून जा,” म्हणत तिने त्यांना एका बाजूच्या दाराने घरात घेतले, दोन खोल्यांमधल्या उंबरठ्यावर बसवून पाणी दिले आणि दुसऱ्या बाजूच्या दाराने सुखरूप बाहेर काढले. मोजणीदार कामाचे पक्के. पाणी पिता पिता त्यांनी तिथेही एक बिंदू घेतला. तेव्हापासून आमचे स्वयंपाकघर आत आहे आणि पुढची खोली बाहेर. कुत्र्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

३. शीटमधली त्या बिंदूची ओळ खोडण्याची विनंती केली असता, एक ओळ काढल्यास खालची सगळी सूत्रे कोलमडतील, शिवाय शीटला कुलूप असून पासवर्ड बदली झालेल्या साहेबांबरोबर गेला, असे समजले. ऑपरेटर भला माणूस. “काका, हद्द हलत नाही, खाट हलवा,” म्हणाले. मी आईची खाट स्वयंपाकघरात नेली. शीट हिरवे झाले, पट्टी सुरू झाली. फोडणीला आईला ठसका लागतो, पण मी मीठ किती टाकतो ते आता उशीवरून दिसते, म्हणून ती खूश आहे. मी नाही.

४. पुढे, रुग्णासोबत नातेवाईक राहतो का, हे तपासायला निरीक्षक आले. दार वाजले, मी उघडायला गेलो. आता रस्त्याकडचे दार पुढच्या खोलीला आहे, तर दार उघडणारा माणूस पुढच्या खोलीतच सापडणार की नाही? त्यांनी तिथल्या तिथे माझे आकडे घेतले. लाल! शेरा पडला, ‘नातेवाईक क्षेत्राबाहेर वास्तव्यास. रुग्ण एकटी.’ “अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!” असे ओरडून सांगितले. त्यासाठी रकाना नाही म्हणाले. आता सोमवारी गाडी येऊन एकट्या राहणाऱ्या माझ्या आईला निवारागृहात नेणार आहे.

५. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात झोपतो. दुसरी खाट मावत नाही. डोके ओट्याखाली आत, पाय उंबरठ्यापलीकडे बाहेर. अर्धा माणूस शीट घेत नाही, हे ऑपरेटरना विचारून झाले आहे. दार वाजले तरी उघडत नाही. परवा धाकटी बहीण दार बडवून बडवून रागाने परत गेली आणि आता फोनही उचलत नाही.

६. महोदय, उभी नोकरी लोकांना “पुढे सरका, आत जागा आहे” म्हणण्यात गेली. आज स्वतःच्या घरात मलाच आत जागा नाही. मला राग आहेच, पण त्याहून जास्त भीती वाटते. काल आपले पत्र मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “त्या पोराला पाणी दिलं, ते चुकलं का रे माझं?” मी नाही म्हणालो. कृपया मला खोटे पाडू नये.

सबब, ती ओळ खोडावी. ते अगदीच जमत नसेल, तर आम्हां दोघांनाही ‘बाहेर’ टाकावे. पट्टी बांधायला मी शिकेन. आत ठेवा नाहीतर बाहेर, पण मायलेकांना एकाच बाजूला ठेवा, एवढीच हात जोडून विनंती.

आपला नम्र,
आणि आपल्या शीटनुसार गैरहजर,
(सही)
शुक्रवार

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. कुत्र्याचा फोटो (बसलेला).
३. आईचे म्हणणे, तिच्या अंगठ्यासह : “सोमवारी गाडीवाल्याच्या अंगावर कुत्रं आलं तर त्याला म्हणावं, बाजूच्या दाराने आत ये. पाणी भरून ठेवलंय.”