फुटक्या काकणांचा हार

मी, हेमावती मल्लिनाथ हत्तुरे, वय वर्षे सेहेचाळीस, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी आणि उरलेल्या वेळात दागिने घडवणारी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. पुढच्या आठवड्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणतात. मी घाबरलेली नाही, पण मला आवरून ठेवायची सवय आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही, मूलबाळ नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि पुढची पडवी, माझे धाकटे बंधू शिवप्पा वीरभद्रप्पा अक्कलकोटे यांना द्यावे. मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा वडिलांनी ते माझ्या नावावर केले आणि शिवप्पाने महिनाभर तोंड पाडले होते. आता परत घे, बाबा. मात्र उत्तरेची खिडकी बुजवू नये. तिथे पाटावर बसून वडील इष्टलिंग ठेवायच्या चांदीच्या डब्या घडवत. दुपारी मिलचा भोंगा झाला की हात थांबवून चहा मागत, आणि चहा येईपर्यंत पत्र्याच्या कातरणांतून मला पाखरे कापून देत. चिंचेच्या पाण्याने उजळलेल्या चांदीचा वास त्या कोपऱ्याला अजून येतो. निदान मला तरी येतो.

२. वडिलांची ऐरण, हातोड्या, चिमटे आणि फुंकणी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला द्यावी. ज्या मुलीचा हात बसेल तिला वापरू द्यावी. शिवप्पा तयार माल विकतो, त्याला ती लागत नाहीत. ती मी वडिलांच्या मागे लाटली असे तो सांगतो. लाटली नाहीत. फुंकणी त्यांनीच माझ्या हातात दिली होती. "पोरीचा दम चांगला आहे," म्हणाले होते, शिवप्पासमोर.

३. पोस्टातली शिल्लक माझ्या औषधपाण्याला आणि शेवटच्या विधीला वापरावी. उरेल त्यातून वर्गासाठी रंगपेट्या घ्याव्यात.

४. दुष्काळी खडीची अंगठी मायाक्काला परत द्यावी. ही सांगोल्याकडची धनगरीण. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना उडालेली एक कपची तिने मला आणून दिली. "बाई, ह्याचं कायतरी करा की. लई कष्टाची हाय." मी ती चांदीत बसवली. बोटात घालून ती खूप हसली, मग काढून माझ्याच हातावर ठेवली. "शेरडामागं कुटं मिरवू? तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." आता माझ्यापाशी राहणार नाही, म्हणून तिच्याकडे.

५. आता हार. खरे तर याच्यासाठीच कागद घेतला.

हा हार फुटक्या काकणांच्या काचांचा आहे. पहिल्या हिरव्या काचा माझ्या. गड्ड्याच्या जत्रेत मल्लिनाथांनी मला हौसेने बांगड्या भरायला बसवले होते. कासारीण म्हणाली, "वैनीचा हात लई मऊ हाय की!" तर हे लाजून पलीकडे भजी आणायला गेले. त्याच उन्हाळ्यात ते विषमज्वराने वारले. आम्हा लिंगायतांत मरणाचे सूतक पाळत नाहीत, पण काकणे फोडायला म्हाताऱ्या दगड घेऊन आल्याच. शिवप्पाची बायको चन्नम्मा तेव्हा नवी नवरी होती. तिने माझे हात आपल्या पदराखाली ओढून घेतले आणि तेल लावून एकेक काकण उतरवू लागली. दोन निघाली. म्हाताऱ्यांनी तिला बाजूला सारले आणि हातातल्यांबरोबर उतरवलेली ती दोनही फोडली. काचा मी वेचल्या.

पुष्कळ वर्षांनी त्यांच्या धारा घासून बोथट केल्या आणि चांदीच्या कोंदणात बसवल्या. गळ्यात घालून शाळेत गेले. त्यानंतर बायका येऊ लागल्या. कुणी रुमालाच्या गाठीत, कुणी तपकिरीच्या डबीत, जपून ठेवलेल्या आपापल्या काचा घेऊन. जांभळ्या मायाक्काच्या आहेत. सोनेरी रेघेच्या लाल काचा मिलमध्ये रिळे भरणाऱ्या दगडाबाईंच्या. हार असा वाढत गेला.

गेल्या वैशाखात माझी भाची महानंदा, म्हणजे शिवप्पा आणि चन्नम्मेची एकुलती एक मुलगी, हिचे लग्न झाले. मांडवात मी तो हार घालून गेले. महानंदेच्या सासूबाईंनी हात लावून पाहिला. "काय पाणी आहे हो खड्यांचं! जयपूरचे का?" मी उत्तर देण्याआधीच त्यांनी तो माझ्याकडून मागून गळ्यात घातला, आरशात पाहिले, चारचौघींना दाखवला. "आम्हालाही असाच एक करून द्या." मग मला सांगावेच लागले. त्यांनी तो असा उतरवला, की जणू इंगळीच गळ्याला डसली.

चन्नम्मा चार महिने माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढेच, "माझ्या पोरीच्या मांडवात तुमी मरण आणलंत, वन्सं. तुमच्या मागं तो सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकणार मी." ती बोलते ते करते.

म्हणून लिहिते की हार महानंदेला द्यावा आणि तो कुणी पाण्यात टाकू नये, मोडून आटवू नये. तिने तो स्वतः मागितला आहे. नवऱ्याला घेऊन भेटायला आली होती. "आत्या, मी घालीन." मी म्हटले, "सासूबाई?" "त्यांनी एकदा घातलाच आहे की!" जावई मान खाली घालून म्हणाले, "मी आहे तोवरच घालू दे. मलाही बघायला मिळेल." आतून चन्नम्मा ओरडली, "शिवशिव! तोंडाला काय लगाम हाय का न्हाय?"

महानंदे, तुला जड झाला तर उतरव. मात्र काचा ज्यांच्या त्यांना पोचत्या कर.

६. माझ्या मागे या घरात नवरा गेलेल्या कोणत्याही बाईच्या काकणांना कुणी हात लावू नये. उतरवायची असतील तर ती स्वतः उतरवील, तिच्या मनाला येईल तेव्हा. नसतील उतरवायची तर नाही. वकील म्हणाले, हे कलम काढा, याने कायद्याने कुणीच बांधले जात नाही. मी ठेवले आहे.

७. माझे इरकली लुगडे चन्नम्मेला, असे इथे लिहिले होते. ते खोडले आहे. कारण असे.

तिच्या पाठीमागे काही केले असे होऊ नये, म्हणून आज सकाळी सगळा कागद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती मेथी निवडत बसली होती. हाराच्या कलमाला नाक मुरडले. सहाव्याला तिचे हात थांबले.

"पुन्ना वाचा."

मी वाचले.

"साक्षीला कोण?"

"शाळेतल्या बाळाबाई आहेत. आणखी एक लागतो."

"मी करते सही."

"साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही म्हणतात. लुगडं जाईल तुझं."

"जाऊ दे की. लुगडी लई हायत." तिने मेथीच्या काड्या झटकल्या. "हार मला आजबी आवडत न्हाय. पण माझी एकच पोर हाय, वन्सं. उद्या तिच्यावर वेळ आली, तर त्या म्हाताऱ्यांना दाखवायला माझी सही असू द्या."

म्हणून चन्नम्मेला मी या कागदाने काहीही देत नाही.

एवढे लिहून थांबते. सर्व मजकूर मी वाचला आहे, सातव्या कलमातील खाडाखोड माझी आहे.

सोलापूर, दिनांक ११ सप्टेंबर १९७६

(सही) हेमावती मल्लिनाथ हत्तुरे

आम्हा दोघींच्या समक्ष सही झाली:

१. (सही) बाळाबाई कुंडलिक माने, शिक्षिका

२. (कानडीत सही) चन्नम्मा शिवप्पा अक्कलकोटे. सहावे कलम दोनदा ऐकले. मान्य आहे.