सुईचं टोपण

९ सप्टेंबर
टोचली! गुलाबरावांची हिरडी बधिर केली आणि सुईला टोपण दोन्ही हातांनी लावायला गेले — ग्लोव्हमधून थेट बोटात. टोपण एका हातानं लावायचं, हे फर्स्ट इयरपासून पाठ आहे. घाई!

गुलाबराव सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम करतात. त्यांनीच आधी पाहिलं. "लागलं काय वं पोरी तुले?" "नाही काका." बोट धुतलं, नवा ग्लोव्ह चढवला, दाढ काढली.

क्लिनिकमधला माझा पार्टनर प्रशिक म्हणाला, "मॅडम को मत बता. एग्ज़ाम सिर पे है."

नाही सांगितलं.

१० सप्टेंबर
दिवसभर बोटच बघतेय. छिद्रही दिसत नाही आता.
शेवटी आमच्या क्लिनिकच्या प्रमुख पद्मजा मॅडमकडे गेले. वाटलं, ओरडतील. "काल का नाही आलीस? यात एकेक तास महत्त्वाचा असतो," एवढंच. एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू. मळमळतंय.
आता गुलाबरावांना फोन करायचा. कसं विचारायचं, तुमचं रक्त तपासू का म्हणून? माणसाला काय वाटेल!

११ सप्टेंबर
गुलाबराव आले! अर्धी पाळी बुडवून. "घे न, किती पाह्यजे तितकं रक्त घे. पण मंगळवारी खोटं काहून बोलली?"


१२ सप्टेंबर
गुलाबराव सगळ्या तपासण्यांत निगेटिव्ह. गोळ्या बंद! आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली.

१५ सप्टेंबर
क्लिनिकची सफाई करणाऱ्या सुशीलाबाईंच्या कानावर माझं प्रकरण गेलंय. कचऱ्याची पिशवी बांधता बांधता हसून म्हणाल्या, "मले त तीन-चारदा टोचली, दीदी. मले काहून नाही देल्ली गोळी?"
"पिशवीत सुई?"
"हव. राह्यते कधी कधी."
सुया पांढऱ्या डब्यात टाकायच्या असतात. घाईत मीही पिशवीत टाकल्यात. दोनदा तरी. हे आज पहिल्यांदा लिहितेय.
"काविळीची लस घेतली होती का?" विचारलं. "कोणती लस?"
आम्हाला कॉलेजनं पहिल्याच वर्षी हिपॅटायटिस बीचे, म्हणजे सुईतून होणाऱ्या काविळीचे, तिन्ही डोस दिले होते. त्या इथं नऊ वर्षं आहेत.
त्यांना म्हटलं, तपासून घेऊ या. तयार झाल्या. हात धरून मॅडमकडे नेलं.

१७ सप्टेंबर
सुशीलाबाईंचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह.
ती सुई माझी नव्हती, असं मला म्हणता येत नाही.