आमटीला चालेल असा पाव

आण्णा, आजही दुकानात पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचत उभी राहिले. साखर. दुसरं उचललं, त्यातही साखर. दुकानदार वैतागून म्हणाला, "मावशी, पावच आहे तो, औषध नव्हे." त्याला काय सांगणार, कपाळ! तुमच्यापायी लागलेली खोड आहे ही.

नव्वदच्या दशकातली ती सालं. तुमच्या घशाचं दुखणं निघालं आणि मी तुम्हाला कोरेगावहून माझ्याकडे सांगलीला आणलं. उभा जन्म भाकरी चुरून आमटी ओरपणारा माझा बाप, आणि घास घशाखाली उतरेना. डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, तिखट बेतानं द्या. स्लाईस पाव घरात आला की शेजारीण विचारायची, "कोण आजारी आहे?", असे ते दिवस. तो पाव मी आमटीत बुडवून देते आणि तुम्ही तोंड वाकडं करता. "आमटीत साखर कालवलीस व्हय गं? ह्यो पाव न्हाई, केक हाय." ताट सरकवलंत ते सरकवलंतच.

तुम्ही उतरत चाललात आणि मी बेकऱ्या पालथ्या घालत सुटले. पेठेतल्या बेकरीवाल्या चाचांनी सरळ सांगितलं, "साखरेबिगर रंग चढत न्हाई, पोरी. पांढराफटक पाव कोण घेणार?" येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं. पलूसचा पाव आला, साताऱ्याचा आला, कुणी शिरवळहूनही आणला. सगळे मेले गोडमिट्ट! तुम्ही नुसतं पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करायचात, आणि माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मग एका दुपारी मी उन्हातून घामाघूम होऊन नवा पाव घेऊन आले. तुम्ही आधी माझ्या तोंडाकडे बघितलंत. तुकडा बुडवला, चघळला, गिळला. "हां, ह्यो बरोबर हाय. आता हिंडू नगंस." मी तिथंच फतकल मारून बसले, हसले, रडले. शेवटपर्यंत त्याच बेकरीचा पाव आणला आणि तुम्ही मुकाट्यानं खाल्लात.

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारणीनं आमटी-भात आणून ठेवला. तुमचा उरलेला पाव समोर दिसला, म्हणून बुडवून तोंडात घातला. गोड! बाकीच्यांइतकाच गोड. इतका राग आला तुमचा, आण्णा! खोटं कशाला बोललात? खरं सांगितलं असतंत तर आणखी चार गावं धुंडाळली असती मी. हिंडू नगंस म्हणालात आणि तेव्हापासून मी हिंडतेच आहे.

आज मिळाला. पुढच्याच पाकिटावर साखर नव्हती. घरी येऊन तुम्हाला आवडायची तशी आमटी केली आणि उभ्याउभ्याच खाल्ला. लय चांगला लागला, आण्णा. तुम्हाला हवा होता तस्साच.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, म्हणून इथंच राहील. पण एक सांगते. संध्याकाळी लेकानं विचारलं, "मिळाला का गं आई, तुझा पाव?" मी म्हटलं, "छे! कुठला मिळतोय? उद्या बघते परत." मिळाला म्हटलं असतं तर उद्यापासून घरी बसावं लागलं असतं.