एकाच प्याल्यातून

माय, तू असतीस तर आज आमच्या चर्चच्या पायरीवर थुंकली असतीस. मी थुंकले नाही, कारण रविवारी त्या पायऱ्या कोणी न सांगता जी बाई झाडते ती तिथंच उभी होती, आणि तिच्यावरूनच हा सगळा तमाशा झाला. तिचा नवरा गटाराच्या चेंबरमध्ये उतरला तो जिता वर आला नाही. ती आता एका दवाखान्यात संडास साफ करते. गेल्या पावसाळ्यात तिचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी तिला पाण्यात बुडवलं तेव्हा सगळी मंडळी टाळ्या पिटत होती, मोबाईल वर धरून फोटो काढत होती. बुडवायला कोणाची हरकत नव्हती. पाणी तिथंच राहतं, प्याला पुढे सरकतो.

प्रभुभोजनाला आमच्याकडे तुझ्या वेळेपासून एकच प्याला फिरतो. द्राक्षाच्या रसाचा एक घोट घ्यायचा आणि शेजारच्याच्या हाती द्यायचा. तिचं ते पहिलंच प्रभुभोजन, कुठं बसायचं ते तिला माहीत नव्हतं. ती सरळ पुढे आली, गुडघे टेकले आणि सगळ्यांच्या आधी प्यायली. तिच्यानंतर धरमपेठेच्या बंगल्यातली आमची खजिनदारीण. तिनं प्याला ओठाला लावला, पण ओठ मिटलेले. माझे डोळे गेले, पण इतकेही गेले नाहीत. रस जागचा हलला नाही, आणि ही बया घोट गिळल्यासारखा गळा हलवून आमेन म्हणाली.

मग कमिटी बसली. सेक्रेटरी माझाच पोरगा. ठरलं काय, तर प्लास्टिकचे बारके कप आणायचे, प्रत्येकाला वेगळा. घरी मला समजावत होता, "आई, हायजिनचा प्रश्न आहे."

"कोरोनानंतर चर्च उघडलं तेव्हा काहून नाही सुचलं गा तुले? तेव्हा तर तूच म्हणत होता, प्रभूच्या प्याल्यात जंतू राहत नाही."

"तू समजून नाही राहिली. तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"वेगळीच होती. तेव्हा ते बाई नव्हती."

तो हळूच म्हणतो, "लोक चर्च सोडून जातील, आई."

"कोणते लोक?"

"आपले."

हा 'आपले' ऐकला आणि हातातला घास मी ताटात टाकला. यालाच मी मांडीवर घेऊन येशूनं महारोग्याला हात लावल्याची गोष्ट सांगितली होती. आणि माय, सगळ्यात घाण काय, तर तो खोटं बोलत नव्हता. वेगळे कप स्वच्छच असतात. एका तोंडाचा रोग दुसऱ्याला लागतो, हे मलाही कळतं. खऱ्या गोष्टीचं फडकं टाकून झाकलेली घाण उघडी कशी करायची, ते चौथीपर्यंतच्या शाळेत मला कोणी शिकवलं नाही.

मला तू आठवतेस. मिशनच्या दवाखान्यात आया होतीस. रातपाळी करून तशीच उपासनेला येतेस, लुगड्याला फिनाईलचा वास. शेजारची बाई पदर नाकाला लावते आणि बाकावर सरकून बसते. तू भर चर्चमध्ये तिला विचारतेस, "वास येऊन राहिला काय वं? तुयाच सासऱ्याचा हाय. रातभर मीच धुतलं त्याले." मी शरमेनं बाकाखाली शिरायची बाकी होते. घरी येऊन चुलीपुढे फुगून बसले, तर भाकर थापता थापता तू मलाच झापलंस. "येशूनं चेल्यांचे पाय धुतले, तवा काय ते पावडर लावून आले होते? शेणाचिखलातून आले होते. त्यानं नाक धरलं काय?" तुझी धर्माची शिकवण एवढीच. पुढे मोठमोठ्या पाळकांची प्रवचनं ऐकली, जास्त काही हाती लागलं नाही.

आज कप आले. पोरगा ट्रे घेऊन रांगेतून फिरत होता. तिच्यापाशी आला, तर तिनं पिशवीतून स्टीलचा गिलास काढला, राखेनं घासून लखलखीत केलेला. म्हणते, "दादा, मायावाला मी घरूनच आणला. तुमचा काहून खराब करायचा?" तिला वाटलं, वेगळे कप म्हणजे ज्याचं त्यानं आणायचं. ती आधी ज्या घरी कामाला होती, तिथं तिचा कप जिन्याखाली वेगळा ठेवलेला असायचा. देवाच्या घरीही तसंच असणार, असं धरून ती आली. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. खजिनदारीण तर कौतुकानं मान हलवत होती, किती समजूतदार बाई म्हणून. आणि माझ्या पोरानं ट्रेमधला एक कप उचलून तिच्या गिलासात ओतला. वरून, काठाला न टेकवता.

तिनं एक घोट घेतला तशी मी उठले. "आण वं इकडे."

"आजी, उष्टा हाय."

"मले माहीत आहे."

तिच्या हातून गिलास घेतला आणि उरलेलं प्यायले. सगळी मंडळी पाहत राहिली. पाळकसाहेब पुढचं गाणं विसरले. पोरगा घरी आल्यापासून माझ्याशी बोलला नाही. सून ताट ठेवून गेली.

पण मंडळीला दिसलं नाही ते तुला सांगते. ती खर्रा खाते. गिलास तोंडाजवळ आला तसा तंबाखूचा भपकारा आला, आणि पिण्याआधी माझा अंगठा काठावरून फिरला. मी फिरवला नाही, तो फिरला. पुसून घेतलं, मग प्यायले. तिनं ते पाहिलं. मान खाली घालून थोडी हसली. त्या जिन्याखालच्या कपाकडे पाहूनही ती अशीच हसली असेल.

पोराला हे सांगितलं तर तो म्हणेल, आई, तूही तेच केलं. म्हणून हे तुला लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं.