थुंकायची लाज

१२ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बसमधून उतरल्या उतरल्या धबधब्याचा आवाज कानावर आला. डोंगरभर मेपलची पानं लाल व्हायला लागलीत. ओसाकात आमच्या नूडल्सच्या दुकानात दिवसभर भांड्यांची आदळआपट चालते, इथे कान अगदी निवले. तोकिए आजींच्या घरी खोली घेतलीय. ऐंशी उलटली तरी बाईंचं तोंड खणखणीत चालतं. माझी बॅग बघून म्हणाल्या, अगं हिसानो, चार दिवसांसाठी अख्खं बिऱ्हाड उचलून आणलंस की काय!

येण्याचं कारण एकच. उन्हाळ्यात ताप आला आणि माझ्या तोंडाची चव गेली ती गेलीच. रश्श्याची चव बघणं हेच तर माझं काम. मालक म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग मात्र दुसरी बाई बघावी लागेल. इथला धबधब्याचा देव तोंडाची दुखणी बरी करतो असं ऐकून माझ्या नवऱ्यानेच, शिगेओने, मला पाठवलं. त्याची स्वतःची दाढ किडून काळी पडलीय, पण त्याला डॉक्टर नको नि देवही नको. सोळा तारखेला न्यायला येणार आहे.

१३ ऑक्टोबर

सकाळी तिन्ही धबधबे पाहिले. शेवटच्या धबधब्याखाली लाल कमान आणि शेवाळलेलं देऊळ. देवळात शिरताना चूळ आपण सगळीकडेच भरतो, पण इथे चूळ हीच पूजा. डोहातलं पाणी ओगराळ्याने हातावर घ्यायचं, तोंडात घोळवायचं आणि दगडी पन्हाळीत थुंकायचं. पण म्हातारे पुजारी अगदी पुढ्यात उभे! एवढ्या वयाच्या माणसासमोर पचकन थुंकायचं? मला काही जमेना. तोंडावर हात धरला, खाली वाकले, थुंकल्यासारखं केलं आणि गुपचूप गिळून टाकलं. पाणी जरा बुळबुळीत लागलं.

संध्याकाळी आजींनी मीठ लावून भाजलेला नदीतला मासा वाढला. पहिल्याच घासाला खारट लागला! मग कडसर, मग गोड. मी जेवता जेवता रडायलाच लागले. आजींनी विचारलं, का गं, मासा करपलाय का?

१४ ऑक्टोबर

सकाळचं सूप तोंडात घेतलं आणि त्याखालून दुसरीच चव वर आली. शिळ्या तंबाखूची. कुणा म्हाताऱ्याच्या तोंडाची. भाताला हिरडीतल्या पुवाची चव, मुळ्याच्या लोणच्याला एका पोराच्या किडक्या दुधाच्या दातांची. चवी ओळखण्यात माझा हातखंडा, म्हणून एकेक तोंड वेगळं कळतं. शी! ओकायला धावले, पण काहीच बाहेर पडेना.

आजींना सांगितलं तर त्यांच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या. विचारलं, थुंकली होतीस ना गं? मी मान खाली घातली. मग म्हणाल्या, अगं बये, तो चाटणारा देव आहे! पाण्यातून तोंडात येतो, घाण चाटून घेतो आणि थुंकलं की परत जातो. तू त्याला आतच ठेवलंस! आता स्वतःची थुंकी टाक, कुठेही टाक, पण आता नुसती पाण्याची चूळ भरून नाही हो जायचा तो.

थुंकीच नाही. तोंड कोरडं ठाक. आजींनी बरणीतलं खारवलेलं आंबट प्लम आणलं. नुसतं बघितलं तरी तोंडाला पाणी सुटायला हवं. चघळलं. एक थेंब नाही. जीभ आपोआप दातांवरून फिरते, सारखी.

१५ ऑक्टोबर

आरशात पाहिलं. दात पांढरेशुभ्र. एवढुसाही मळ नाही. चाटून संपवलं त्याने. आता त्याला भूक लागलीय.

आजींची कवळी ओट्यावर वाटीत भिजत होती. भानावर आले तेव्हा वाटी रिकामी आणि कवळी चकचकीत. ते पाणी, तो बुळबुळीत साका— शी शी शी! आणि त्याहून किळसवाणं म्हणजे मला ते आवडलं.

दुपारी न्हाणीघराच्या दगडावरचा चिकटा. दोन्ही हातांनी जबडा धरून स्वतःला मागे ओढलं.

आजी दाराआडून बोलतात. तोंडाला फडकं बांधून. म्हणाल्या, नवऱ्याला येऊ नको म्हणून सांग. फोन लावला. उचलत नाही.

१६ ऑक्टोबर

शिगेओ आला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून सगळं सांगितलं. हसला. म्हणाला, एवढंच ना? मग सांग की तुझ्या देवाला, माझी दाढ पण चाट म्हणावं!

हसताना तोंड केवढं उघडलं. आत काळी दाढ.

तोंडाला पाणी सुटलं. सुटलं! आता थुंकलं की सुटका. पण स्वच्छ चटईवर, नवऱ्यासमोर— दाराकडे धावले. दार सरकवेपर्यंत—

गिळलं गेलं.

परत कोरडं.

नंतर

शिगेओ जेवून आडवा झालाय. पाठ टेकली की तोंड उघडं. नेहमीसारखंच. वास येतोय. मला ओकारी यायला हवी—

सुटलंय. पुन्हा पाणी सुटलंय. तोंड भरलंय. चटई तर चटई, थुंकायचं. आत्ता. थुंकते—

फक्त आधी, एकदाच, ती दाढ