जहाजावरचे जेवण आणि आमचा मांडव

नागपूर,
ता. ९ मार्च १९७८

प्रिय कृष्णकांतराव यांस,

चंपतरावाचा नमस्कार. मी थोरला साडू, तेव्हा खरे तर आशीर्वाद लिहायला हवेत. पण समुद्रावर सात दिवस जेवून आलेल्या माणसाला जमिनीवर जेवणाऱ्याने आशीर्वाद कसा द्यावा ते न कळल्यामुळे नमस्कारावर भागवले आहे. इकडे सर्व ठीक. तुमची कावीळ उतरली का? डोळे पांढरे झाले का? तुमच्या ताराबाईंच्या पत्रावरून कळले की तुम्हाला सध्या उसाचा रस, मुरमुरे आणि बिनफोडणीचे मुगाचे वरण एवढेच चालते. वाचून वाईट वाटले. (पहिल्यांदा वाचले तेव्हा वाईट वाटले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा, चाळीस पदार्थांतून निवडून खाणारा माणूस मुरमुऱ्यांवर आला, असे मनात येऊन जरा बरे वाटले. लगेच देवापुढे कान धरले.) पथ्य सांभाळा.

आजारपणामुळे तुम्हाला आपल्या धाकट्या मेहुणीच्या, प्रेमिलाच्या, लग्नाला येता आले नाही. सासूबाईंनी मला सगळी हकिकत सविस्तर कळवायला सांगितले आहे. त्यांनी सांगितलेले आणि मी लिहिलेले यात फरक आढळला तर माझे खरे मानावे.

सुरुवात तुमच्यापासूनच करावी लागते. डिसेंबरात पंख्यांच्या कंपनीने तुम्हाला मुंबईहून कोलंबोला जहाजाने नेऊन आणले, कारण सगळ्यात जास्त पंखे तुमच्या दुकानातून गेले. आता अकोल्यात पंखा काय दुकानदार विकतो? तिथले ऊन विकते. बक्षीस उन्हाला द्यायला हवे होते. असो. तुम्ही गेलात, परत आलात, आणि येताच घरच्यांना चार ताव पत्र लिहिलेत. त्यात समुद्राबद्दल दोन ओळी आणि जेवणाबद्दल साडेतीन ताव. सुभद्रेने ते पत्र मला सहा वेळा वाचून दाखवले (मला वाचता येते, हे तिला बावीस वर्षांत पटलेले नाही). तिथे म्हणे कोणी वाढत नाही, माणूस स्वतः बशी घेऊन रांगेने जातो, हवे ते हवे तेवढे घेतो, कितीदाही परत जातो, मधोमध बर्फाचा कोरलेला हंस असतो. कोणी कोणाला आग्रह करत नाही, असे तुम्ही लिहिले होते, आणि त्याखाली रेघ मारली होती. ती रेघ माझ्यासाठीच होती, हे मी ओळखले. कृष्णकांतराव, मी जळलो. उगाच कशाला लपवू? तुमच्या सात दिवसांवर जळलो, त्या हंसावर जळलो, आणि त्या रेघेवर तर फारच जळलो.

कारण या घरात माझी किंमत ती काय आहे? मामंजी गेले, घरात मुलगा नाही, तेव्हापासून थोरल्या जावयाने कंबरेला पंचा बांधून पंगत सांभाळायची, असे ठरून गेले. मला गाता येत नाही, चार माणसांत बोलता येत नाही, ऑफिसात मी फायलींच्या मागे असतो. पण पंगतीत बादली हातात आली की मी दुसराच माणूस होतो. कोणाचे पोट खरोखर भरले आहे आणि कोण नुसता लाजतो आहे, हे मी पाठीमागून मान बघून सांगतो. इंदूबाईंच्या मंगळागौरीपासून तर देवरावांच्या साठीपर्यंत, माझ्या ओळीतून दोन जिलेब्या जास्त खाल्ल्याशिवाय कोणी उठल्याचे ऐकिवात नाही. ‘चंपतराव वाढायला आहेत का?’ असे विचारून लोक आमंत्रण घेत. आणि तुमच्या चार तावांनी ते सगळे एका फटक्यात मोडीत काढले. प्रेमिलाचे लग्न बुफेने करायचे, असे सासूबाईंनी जाहीर केले, आणि मला काम दिले ते लाउडस्पीकरवरून तुमच्या पत्रातल्या सूचना वाचून दाखवण्याचे.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागले. रामदासपेठेतल्या मैदानात मांडव होता, गांधीबागेतून आणलेल्या स्टीलच्या थाळ्यांची उतरंड होती, लांब टेबलांवर पांढऱ्या चादरी होत्या. देवाजी आचाऱ्याने वडे, वांग्याची भाजी, पुऱ्या, मसालेभात, कढी, बुंदी, जिलेबी असे सगळे मांडले, पण शेवटपर्यंत तो मला एकच विचारत होता, “साहेब, हे सारं मांडलं खरं, पण वाढून कोन राहिलं?” मी सांगितले, कोणी नाही. त्याला वाटले वाढपी पळाले. हंसासाठी बर्फ टिकेना, म्हणून त्याने एका वाकड्या मानेच्या दुधी भोपळ्याला लवंगांचे डोळे लावून हंस केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. (भोपळा म्हणून फार देखणा होता.) पण टेबलाच्या मधोमध, पांढऱ्या चादरीवर, फुलांच्या वेढ्यात काही ठेवलेले दिसले की आपल्या बायका काय करणार? पहिल्या बाईने त्याला हळदकुंकू लावले. तिच्या मागच्या पंचवीस जणींनी कोणता देव म्हणून न विचारता लावले. वरपक्षाकडच्या, कळमेश्वरच्या, एका आजीबाईंनी त्याच्यापुढे सुपारी ठेवून डोळे मिटले, आणि त्यांचे होईपर्यंत रांग थांबली. देवासमोरचे अन्न नैवेद्य झाल्याशिवाय कसे उचलायचे, म्हणून मग कोणी पुरीला हातच लावेना. शेवटी भटजींना बोलावून भोपळ्याला नैवेद्य दाखवावा लागला. हे तुमच्या जहाजावर घडले नसेल.

त्यानंतर मी तुमची सूचना क्रमांक दोन वाचली : ‘प्रथम एक फेरी नुसती पाहून यावे.’ मी लाउडस्पीकरवर ती स्वच्छ आवाजात वाचली. दोनशे माणसे उठली, थाळ्या घेतल्या, टेबलाला प्रदक्षिणा घालून सगळे पदार्थ पाहिले आणि रिकाम्या थाळ्या घेऊन परत खुर्च्यांवर येऊन बसली. आता वाढायला येतील, असे सगळ्यांना वाटत होते. मी पुन्हा सांगितले की आता घ्या. कोणी हलेना. आपल्यात आपण होऊन पहिला हात कोण घालणार? हावरा म्हणून नाव जन्मभर चिकटेल. प्रेमिलाचे सासरे रुपराव पहिल्या ओळीत मांडीवर रिकामी थाळी घेऊन बसले होते. तोंडावर काही नाही, पण मिशी हलत होती. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, “आपल्याच हातानं वाढून घ्याचं होतं तं मी घरीच नसतो का जेवलो? इथं काहून आलो मंग?”

कृष्णकांतराव, खरे सांगतो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. व्याही रुसले होते, सासूबाईंचा चेहरा उतरला होता, मेहुणीच्या संसाराचा पहिला दिवस होता, आणि माझ्या मनात मात्र बँड वाजत होता. बुडाले जहाज! मी लाउडस्पीकरचा माइक खाली ठेवला, रुपरावांना हाताला धरून उभे केले, देवाजीकडून कढीची बादली घेऊन कोपरात अडकवली आणि एका हातात बुंदी-वड्यांचे ताट घेतले. ‘तुम्ही फक्त थाळी धरा, बाकी माझ्याकडे,’ असे म्हणून मी सुरू झालो.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पंगतीत माणूस पाटावर बसलेला असतो. पुरे झाले की तो पत्रावळीवर आडवा होतो, दोन्ही हात पसरतो, आणि त्या हातांच्या फटीतून दोन जिलेब्या सरकवणे यातच तर आमची सगळी करामत. पण उभ्या माणसाच्या एका हातात थाळी असते, दुसऱ्यात पाण्याचा पेला. त्याला नाही म्हणायला हातच उरत नाही! रुपराव ‘बस गा, बस’ म्हणत मागे सरकत होते आणि मी पुढे सरकत होतो. बावीस वर्षांची सवय. तोंडाने आलेला नकार मी कधी मोजलेलाच नाही. बुंदीचा ढीग झाला, त्यावर वडे, त्यावर मी कढीचे ओगराळे रिते केले, आणि ती कढी वड्यांवरून उतरून रुपरावांच्या पांढऱ्या टेरीकॉटच्या नव्या सदऱ्यातून थेट धोतरापर्यंत गेली. गरम होती.

रुपराव नळावर गेले. कोणाचा तरी चौकड्यांचा शर्ट घालून परत आले. सासूबाई हात जोडून उभ्या. मी तर भोपळ्यामागे उभा. रुपरावांनी स्वतःच्या हाताने नवी थाळी उचलली, ती छातीशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “याच्या हातचं नको गा बाप्पा! मी माह्याच हातानं घेतो.” आणि टेबलाशी जाऊन वडे घेऊ लागले. त्यांच्या मागे अख्खे कळमेश्वर उठले. त्यांच्या मागे नागपूर. तासाभरात एक जिलेबी शिल्लक राहिली नाही. रुपराव स्वतः सात वेळा गेले (मी मोजले), आणि निघताना म्हणाले, असं जेवण तालुक्यात झालं नाही.

म्हणजे बुफे यशस्वी झाला माझ्यामुळे, आणि नाव झाले तुमचे! सासूबाई म्हणतात, कृष्णकांतरावांची दृष्टीच मोठी. सुभद्रा म्हणते, सगळे छान झाले असते, यांनी मध्ये बादली उचलली नसती तर. आणि आता ऐका. वैशाखात आमच्या कौसल्येचे लग्न आहे. माझ्या एकुलत्या एका मुलीचे. त्यासाठी सुभद्रेने आत्ताच ठरवून टाकले आहे : बुफे. मी म्हटले, निदान मुलीच्या लग्नात तरी मला वाढू दे. तर म्हणाली, तुम्ही दारात उभे राहा आणि अत्तर लावा. बापाने अत्तर लावायचे! परके येऊन जेवून जातील आणि मला ‘घ्या हो अजून’ म्हणायचीही सोय नाही.

असो. मन मोकळे केले एवढेच. तुमच्याकडे काहीही मागणे नाही. प्रकृतीस जपा, आंबट टाळा, आणि ताराबाईंना व मुलांना मी आठवण काढल्याचे सांगा.

तुमचा,
चंपतराव

ता. क. : एक बारीकसे काम आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या होईल. सासूबाईंच्या नावे एक पत्र लिहा की, मागच्या वेळी सांगायचे राहून गेले, पण जहाजावर शेवटच्या दिवशी बुफे बंद ठेवून सगळ्यांना खाली बसवतात आणि खुद्द कप्तान पंगत वाढतो. मानाची पद्धत आहे, मोठ्या जहाजांवर असतेच, असे लिहा. माझे या घरात कोणी ऐकत नाही, तुमचे ऐकतात. हे मला आवडत नाही, पण वैशाख जवळ आला आहे.

ता. क. दुसरा : कप्तान काय वाढत होता, असे सासूबाई विचारतीलच, तेव्हा जिलेबी लिहा. आग्रह कसा करत होता तेही लिहा. कढीचा उल्लेख नको. पत्र येत्या आठवड्यात यावे, आणि माझे हे पत्र ताराबाईंच्या हाती लागू देऊ नये. बहिणी आहेत त्या.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवून पुन्हा उघडले आहे. एक गोष्ट वर लिहिली नाही. कढी सांडल्यावर सुभद्रेने माझ्या हातून बादली काढून घेतली आणि मला थाळी दिली. तुम्हाला ठाऊक नसेल, वाढपी शेवटी जेवतो. वरणावर साय धरलेली असते, वडे चामड्याचे झालेले असतात आणि घरच्या बायका तोवर आवराआवरीला लागलेल्या असतात. बावीस वर्षांत एकाही लग्नात मी गरम जेवलो नव्हतो आणि सुभद्रेबरोबर तर कधीच नाही. त्या दिवशी आम्ही दोघे मांडवाच्या खांबाशी उभे राहून जेवलो. वडा इतका गरम होता की जीभ भाजली. ती म्हणाली, “घ्या ना अजून एक,” आणि माझ्या थाळीत ठेवला. आजवर मला कोणी आग्रह केलाच नव्हता. मी नाही म्हटले नाही. तेव्हा कप्तानाबद्दल लिहाल त्यात एवढे वाढवा की, सगळ्यांची पंगत उठल्यावर त्यालाही पाटावर बसवले आणि कोणीतरी जवळ बसून गरम वाढले. कोणी वाढले, ते नीट विचार करून लिहा. ते पत्र सासूबाईंना सुभद्राच वाचून दाखवणार आहे.