कपाळावरची आठी

८ डिसें.
अंगणवाडीत बैठक. मदतनीस सुमन सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, क्रीम कोन्तं लावता?" सेहेचाळीस पुरी झाली, तोंडावर एक सुरकुती नाही. मी सांगितलं, नांदूरघाटच्या बोअरचं पाणी. खरं सांगायचं तर वर्षभर मीही आरशापुढे मिरवतेय. बोटं तेवढी गार पाण्यात पांढरीफटक पडतात, मग निळी. थंडी, दुसरं काय.

१५ डिसें.
गोष्टीतल्या राक्षसाचं हसू मुलांना हसून दाखवलं. दोघं रडायलाच लागली. सुमन म्हणे, "बाई, नुसता आवाज आला. तुमी हसल्याच न्हाईत." घरी येऊन आरशात हसून पाहिलं. आतून हसत होते. आरशातली बाई गप्प.

२१ डिसें.
सासूबाईंची नजर काचबिंदूनं गेली, माणूस हातानं ओळखतात. चहा द्यायला बसले तर माझा चेहरा चाचपला आणि हात मागे घेतला. "ही कोन हाय? कपाळाला आठी न्हाई. माझी सून कुटं गेली?" मी बोलले. म्हणाल्या, "आवाज तिचाच हाय." चहा घेतला नाही. लई भ्याले मी. त्यांना नाही, माझ्या तोंडाला.

२ जाने.
संभाजीनगर. संधिवाताचे डॉ. बोटांची कातडी चिमटीत धरून पाहिली, धरताच येईना. नखांची मुळं भिंगातून. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, माझी दोन. रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाले, सिस्टेमिक स्क्लेरोसिस. शरीर स्वतःवरच उलटतं, कातडी घट्ट होत जाते. आतही. फुप्फुसात शिरलंय का ते बघायचं. बरं होईल का? "आहे तिथं थांबवायचा प्रयत्न करू. आधी यायला हवं होतं."
आधी. तेव्हा मी क्रीमचं कौतुक ऐकत होते. स्वतःचाच संताप आला. सोबत आलेल्या ह्यांना तो कळलाही नाही, माझं तोंड तसंच गुळगुळीत.

२० फेब्रु.
गोळ्या चालू. हातमोजे दिवसभर. तोंडाचे व्यायाम दोनदा. तोंडात मावणारी बोटं: दोनच. जिना चढताना दम लागतो. फुप्फुसांचं स्कॅन झालं, नळीत फुंकूनही झालं. फुंकताना डॉ. "अजून, अजून" म्हणत राहिले, माझं संपलं होतं.

२४ फेब्रु.
रिपोर्ट परवा. सकाळी आपणहून सासूबाईंपुढे बसले, जीव खाऊन आठी घातली. त्यांनी कपाळावरून बोट फिरवलं. भुवयांमध्ये थांबल्या. मागे नेलं, परत आणलं.
"हितं कायतरी लागतंय."
"काय?"
"हलू नको. बघू दे."
मी श्वास रोखून बसले. फार वेळ रोखता आला नाही.